डिस्चार्जनंतरचा रकाना

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षातील नोंदवही ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिली आहे, त्यांना तिचे रकाने तोंडपाठ असतात. अनुक्रमांक, नाव, गाव, वय, कितवे बाळंतपण, दाखल झाल्याची वेळ, प्रसूतीची वेळ, बाळाचे वजन आणि सर्वांत शेवटी डिस्चार्जची तारीख व शेरा. शेऱ्याच्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘सुखरूप’. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका म्हणून माझी सारी नोकरी झाली. तो शब्द लिहिताना आई आणि बाळ रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंतचेच आम्हाला माहीत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, त्या बाळंतपणाशी संबंधित कारणाने स्त्री दगावली तर तो मातामृत्यू धरला जातो. परंतु त्या ४२ दिवसांपैकी जेमतेम दोन-तीन दिवसच नोंदवहीत येतात. निवृत्तीनंतर रुग्णसेवेच्या गुणवत्तेविषयीचे संशोधन मी सवडीने वाचू लागले, आणि या विषयातील बहुतेक चांगले काम नोंदवही जेथे संपते तेथूनच सुरू होते, असे माझे मत झाले.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट अमोरी कॉडमन नावाचे एक शल्यविशारद होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी आग्रह धरला, की शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचा माग काढावा, वर्षभराने त्याची प्रकृती कशी आहे ते कार्डावर लिहावे, उपचाराचा गुण आला नसेल तर का आला नाही हे शोधावे आणि ते सर्वांसमोर मांडावे. सहकाऱ्यांना ही कल्पना मानवली नाही. कॉडमन यांनी स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी १२३ चुका नोंदवल्या होत्या. ज्ञान कमी पडले, हात कमी पडला, निर्णय चुकला की साधन नव्हते, अशी प्रत्येक चुकीची वर्गवारीही केली होती. मला यातील वर्गवारी फार मोलाची वाटते. एखादी बाई अत्यवस्थ झाली की आमच्याकडे पहिला प्रश्न ‘ड्युटीवर कोण होते’ हा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मिळाले की चौकशी तेथेच थांबते. रक्तपेढी पन्नास-साठ किलोमीटरवर असणे हा दोष ड्युटीवरच्या कोणाही परिचारिकेच्या नावावर लिहिता येत नाही, म्हणून तो कुठेच लिहिला जात नाही.

या क्षेत्राला शिस्तीचा पाया दिला तो अवेडिस डोनाबेडियन यांनी. १९६६ साली त्यांनी दाखवून दिले, की सेवेची गुणवत्ता तीन ठिकाणी तपासता येते: रुग्णालयात काय आहे, तेथे काय केले जाते आणि त्यातून रुग्णाला काय मिळते. रचना, प्रक्रिया आणि निष्पत्ती अशी ही साखळी आहे, पण एक कडी चांगली असली म्हणजे पुढची आपोआप चांगली होते असे नाही, दोहोंमधील संबंध पुराव्याने सिद्ध करावा लागतो, हेही त्यांनी बजावले होते. केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस प्रसूती कक्षांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आणला आणि त्यामुळे आमच्याकडच्या प्रसूती कक्षांचे रूप खरोखर बदलले. टेबलांमध्ये पडदे आले, बाळंतिणीजवळ तिच्या घरची एक बाई थांबू लागली, बाळाला ऊब देणारे वॉर्मर चालू स्थितीत राहू लागले. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. तरीही मूल्यमापनाची पथके येत तेव्हा सर्वांचे लक्ष पहिल्या दोन कड्यांवरच खिळलेले असे, कारण भिंतीवर, कपाटात आणि फायलीत दिसण्याजोगे तेवढेच असते.

केवळ प्रक्रिया सुधारल्याने काय होते आणि काय होत नाही, याचा मोठा पुरावा आपल्याच देशात, उत्तर प्रदेशात मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीसाठी एक तपासणी सूची तयार केली होती. दाखल करताना, कळा देण्यापूर्वी, प्रसूतीनंतर लगेच आणि घरी सोडताना काय काय पाहायचे, हे त्या सूचीत होते. कर्नाटकातील एका प्रसूती केंद्रात तिचा प्राथमिक प्रयोग झाला तेव्हा २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० कृती होत असत, त्या २५ वर गेल्या. त्या उमेदीवर उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत मोठा अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांत सूची देण्यात आली आणि ती वापरायला शिकवणारे प्रशिक्षक आठ महिने नियमित जात राहिले. उरलेल्या केंद्रांत नेहमीप्रमाणेच काम चालू राहिले. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांचा माग काढून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षक येऊ लागल्यावर दोन महिन्यांनी सूची मिळालेल्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतरत्र सुमारे ४२ टक्के. म्हणजे सिस्टरांचे काम निश्चितपणे सुधारले होते. परंतु बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईला झालेली गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण एकीकडे १५.१ टक्के आणि दुसरीकडे १५.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले.

हा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा मन खट्टू झाले. पण विचार करता करता त्यातील तर्क उमगत गेला, कारण प्रसूती कक्षातील माझा अनुभव त्याला दुजोरा देणाराच होता. हात धुणे, रक्तदाब मोजणे, ताप पाहणे या कृती धोका ओळखण्यासाठी असतात. ओळखलेला धोका टाळण्यासाठी त्या क्षणी कौशल्य, औषध, रक्त, भूलतज्ज्ञ आणि गाडी लागते. रक्तदाब १६०-११० आला हे कळले आणि पुढे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन नसेल, किंवा ते द्यायचा सराव नसेल, तर नुसत्या मोजमापाने त्या बाईला झटके येण्याचे थांबत नाही. शिवाय प्रशिक्षक जाऊन चार महिने झाल्यावर सूची मिळालेल्या केंद्रांतील प्रमाण ७३ वरून सुमारे ६२ टक्क्यांवर आले होते. दुसऱ्याच्या देखरेखीमुळे लागलेली सवय कामाच्या रेट्यात मागे पडणे स्वाभाविक आहे, त्यासाठी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. या अभ्यासाचे मोठेपण असे, की संशोधकांनी केवळ सूचीवरच्या खुणा मोजल्या असत्या तर तो यशस्वी ठरला असता. त्यांनी घरी गेलेल्या बायकांचा सातव्या दिवसापर्यंत माग काढला, म्हणून खरे काय ते समोर आले.

याच्या उलट, निष्पत्ती स्पष्टपणे बदलल्याचे उदाहरण प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे आहे, आणि ते मला विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण आमच्या भागात बायकांचे हिमोग्लोबिन मुळातच इतके कमी असते, की दुसरीला सोसेल एवढे रक्त गेले तरी आमच्याकडची बाई खचते. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव. पण रक्त किती गेले हे ठरवायचे कसे? पिढ्यानपिढ्या ते नजरेने ठरवले गेले. चादर किती भिजली, किती पॅड बदलले, खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये किती साचले, यावरून अनुभवी मावशीही ‘जरा जास्त गेलंय, सिस्टर’ एवढेच सांगू शके. नजरेचा हा अंदाज सहसा खऱ्यापेक्षा कमीच निघतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने त्या जिल्ह्याच्या खेड्यांमध्ये मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा जो अभ्यास झाला, त्यात रक्त मोजण्यासाठी प्लास्टिकची एक साधी, खुणा असलेली झोळी वापरण्यात आली. बाळ जन्मल्याबरोबर ती बाळंतिणीखाली सरकवायची आणि साचलेले रक्त खुणेवर वाचायचे. १,६२० स्त्रियांच्या त्या अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, गोळी घेतलेल्यांमध्ये अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते आणि न घेतलेल्यांमध्ये १२ टक्के. प्रसूती करवणाऱ्या तेथे डॉक्टर नव्हत्या, गावातल्या सहायक परिचारिका होत्या, याचा मला आमच्या व्यवसायाच्या नात्याने अभिमान वाटतो.

तीच मापाची झोळी पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचा कणा झाली. त्या अभ्यासात रक्त मोजायचे आणि ठरलेल्या खुणेला पोहोचताच गर्भाशयाचे मर्दन, ते आकुंचन पावण्याचे औषध, रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि रक्त कोठून येते याची तपासणी, या पाचही गोष्टी एकामागून एक वाट न पाहता एकदमच सुरू करायच्या, असा दंडक होता. २०२३ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे अतिरक्तस्राव ओळखले जात होते, नव्या पद्धतीत ९३ टक्के ओळखले गेले. आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटावरची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. उत्तर प्रदेशातील अभ्यासाशी याची तुलना केली की फरक ध्यानात येतो. येथे मोजणे आणि करणे यांच्यात अंतर उरू दिले नव्हते. मोजताक्षणी जे करायचे त्याची औषधे त्याच पेटीत, त्याच खोलीत ठेवलेली होती.

आता फाटकाबाहेरचे. बाळ घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते, बाळाचे वजन घेते, ताप पाहते, आईची चौकशी करते आणि फॉर्म भरते. ही पद्धत देशाला मिळाली ती आपल्याच राज्यातील संशोधनातून. गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध केले. अर्थात माहिती गोळा होते, तीही दारात जाऊन. पुढे तो फॉर्म गटप्रवर्तकांकडे जातो, प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तालुक्याला जातो, संगणकात भरला जातो. ज्या प्रसूती कक्षात ते बाळ जन्मले, तेथे मात्र तो परत येत नाही. एकदा औषधे न्यायला आलेली एक आशाताई काउंटरपाशी उभ्याउभ्या मला म्हणाली, ‘‘बाई, आपल्याकडं झालेलं ते वाडीवरचं लेकरू बाराव्या दिवशी गेलं बगा. दूधच ओढत नव्हतं म्हनं.’’ ती औषधांसाठी आली नसती तर त्या बाळाचे पुढे काय झाले हे प्रसूती कक्षातील कोणालाही कधीच कळले नसते. पहिले अंगावरचे दूध पाजल्याशिवाय आईला खाटेवरून हलवायचे नाही, हा नियम त्यानंतर आम्ही अधिक काटेकोरपणे पाळू लागलो; परंतु अशी बातमी योगायोगाने मिळावी, ही काही व्यवस्था नव्हे.

जेथे फाटकापर्यंतच पाहिले जाते तेथे यशाचा हिशेब किती फसवा असू शकतो, हे बीड जिल्ह्याने २०१९ साली साऱ्या राज्याला दाखवले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्यानंतर राज्य सरकारने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. वयोगट तंतोतंत सारखे नसतील हे धरले, तरी एवढा फरक केवळ आजाराने पडत नाही. अमेरिकेत जॉन वेनबर्ग यांनी १९७३ सालीच दाखवले होते, की शेजारशेजारच्या गावांतही टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अनेक पटींनी वेगळे असू शकते आणि त्याचे कारण रुग्णांच्या घशात नसून डॉक्टरांच्या सवयीत असते. बीडमध्ये तर त्यात उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, टोळीला कामावर नेणारा मुकादम, खाडा झाल्यास होणारा दंड, पाळीच्या दिवसांत पाचटाच्या झोपडीत न मिळणारा आडोसा आणि ‘पिशवी काढली की कॅन्सरची भीती गेली’ असे सांगणारी माणसे, हे सारे मिसळलेले होते. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया कागदावर यशस्वीच झाली असणार. टाके सुकले, बाई घरी गेली. तिशीच्या आसपासच्या त्या बाईचे बीजकोशही काढले असतील तर तिची हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, आणि तशा कंबरेने तिला मोळी उचलावी लागते. मी ज्या ज्या कॅम्पमध्ये काम केले तेथे अशा बायका भेटत गेल्या, आणि ‘ऑपरेशननंतर कसं वाटतंय, असं कुनी इचारलंच न्हाई’ हे वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकले.

मराठवाड्यात दीर्घकाळ माग काढणे शक्यच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये, कारण ते येथे झालेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, आणि तिच्यात बार्शीबरोबर आपल्याकडचे परंडा आणि भूम हे तालुकेही होते. रुग्ण आपणहून येतील अशी वाट न पाहता कार्यकर्ते गावोगावी गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. त्याच पायावर, टाटा मेमोरियल केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून कोठे या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, कोठे पॅप स्मीअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, कोठे ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, तर कोठे नेहमीचीच सेवा देण्यात आली. आठ वर्षे माग काढल्यावर एचपीव्ही तपासणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला.

तपासणी न केलेल्या गटातील बायकांवर अन्याय झाला का, यावर पुढे वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. माझ्यापुरते उत्तर असे आहे, की त्या ३१ हजार बायकांचे ऋण जिल्ह्याने, राज्याने आणि देशाने मान्य करून फेडायला हवे, आणि फेडण्याची रीत एकच आहे: त्यांच्यामुळे जे कळले ते त्यांच्या मुली-सुनांपर्यंत पोहोचवणे. २०१६ साली देशाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात सरकारी पातळीवर ॲसेटिक ॲसिडची तपासणी निवडण्यात आली, कारण ती स्वस्त आहे आणि परिचारिकेला शिकवता येते. ही अडचण मला समजते. तरी ज्या जिल्ह्यात तो पुरावा तयार झाला, तेथे तरी एचपीव्ही तपासणी नियमितपणे मिळावी, असे मला तळमळीने वाटते.

लहान रुग्णालयाला एवढे मोठे अभ्यास करता येत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते. त्याला हवा असतो तो महिन्यागणिक काढलेला एक आलेख. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली दूरध्वनीची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यासाठी हे तंत्र शोधले. आकडे वरखाली होतच असतात. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याचे लक्षण कोणते, हे मागची कित्येक महिन्यांची रेषा समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याची, आणि त्यात १२ नवजात बाळे असल्याची बातमी आली, तेव्हा मी त्या आयांच्या विचाराने रात्रभर झोपू शकले नाही. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी मागच्या दोन वर्षांची रेषा प्रत्येक नवजात कक्षाच्या भिंतीवर असेल, कोणते बाळ किती वजनाचे, कोठून, किती उशिरा आले याची नोंद तिच्याशी जोडलेली असेल, तर चौकशी माणसांवरून कारणांकडे लवकर वळते, आणि रेषा चढू लागताच, बातमी होण्याच्या कितीतरी आधी, कोणीतरी सावध होऊ शकते.

तेव्हा एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयाने काय करावे, हे मी माझ्या जुन्या सहकारी सिस्टरांना सांगत असते. डिस्चार्जनंतरचे दोन रकाने नोंदवहीत हाताने आखावेत, सातवा दिवस आणि बेचाळिसावा दिवस. आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीला प्रसूती कक्षातील एका सिस्टरने जाऊन बसावे आणि ते रकाने त्यांच्या फॉर्मवरून भरून आणावेत. यासाठी नवा फॉर्म, नवे पद किंवा नवा निधी लागत नाही. ताप, रक्तस्राव, टाके उसवणे, बाळाचे वजन न वाढणे, बाळ दगावणे, एवढेच पाहावे. महिन्याअखेरीस त्याचा आलेख ड्युटी रूमच्या भिंतीवर लावावा आणि त्यात सिस्टरांची नावे कधीही घालू नयेत, कारण नावे आली की पुढच्या महिन्यापासून नोंदी कमी होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि रेषा खाली येते का ते पाहावे. सुरुवात मापाच्या झोळीने करावी, असे मी सुचवते.

अडचण येते ती दसऱ्यानंतर. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सातव्या दिवशी घराला कुलूप असते आणि आशाताईचा फॉर्म कोरा राहतो. केसपेपरवरचा मोबाइल नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि तोही लागत नाही. मुकादमाचा नंबर हमखास लागतो, परंतु बाईच्या प्रकृतीची गोष्ट मुकादमाच्या कानावर जाता कामा नये, म्हणून तो केवळ तिला फोनवर बोलावण्यापुरता, आणि तोही तिला विचारूनच वापरावा. भाद्रपद-आश्विनात ज्यांची बाळंतपणे होतात, त्यांचा बेचाळिसावा दिवस सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात उगवतो. त्यामुळे त्या दोन महिन्यांत डिस्चार्ज कार्ड हातात देताना प्रत्येकीला आणखी दोन गोष्टी विचारून लिहून घ्याव्या लागतील: तोडीला जाणार का, आणि जाणार असाल तर कोणत्या कारखान्यावर.